प्रश्न उचलायचा असेल तर

“डोळे मिटून तुम्ही सगळे खरंच शांत होता, की एकमेकांना दाखवायला नुसतं सोंग करता?”

प्रश्न विचारून आचल खाली बसली नाही. उभ्या उभ्याच तिने खोलीभर नजर फिरवली, आणि तिच्या लक्षात आलं की मैदानावर पायल आणि निधी या मैत्रिणींसमोर हेच वाक्य म्हणताना किती सोपं वाटलं होतं. “दम असंन तर सगळ्यांसमोर इचारून दाखव,” असं पायल म्हणाली होती. दम होता. पण विचारून झाल्यावर काय करायचं असतं, ते कोणी सांगितलं नव्हतं.

पंचफुलाबाईंच्या घराची ही माडीवरची खोली. खाली शिवणक्लास, खिडकीतून जठारपेठेतला रस्ता. भिंतीशी बुद्धमूर्ती, वर बाबासाहेबांची तसबीर, पुढे अर्धी जळालेली मेणबत्ती. पांढऱ्या चादरीवरची माणसं आत्ताच कुठे डोळे उघडून पाय मोकळे करत होती. कोणाकोणाचा पाय तसाच अर्धवट लांबलेला राहिला.

सगळ्यांच्या पुढे, काशाची वाटी आणि लाकडी दांडी घेऊन, तिचे बाबा बसले होते. देवानंद तायडे एसटीत वाहतूक नियंत्रक होते. माइक बंद पडला तरी अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असा आवाज. त्यांनी फक्त वाटी जराशी बाजूला सरकवली.

“झाला इचारून?” पंचफुलाबाईंनी विचारलं.

“हो.”

“मंग बस आता. पुढच्या रविवारी.”

इथला कायदाच तसा होता. ध्यानाची बैठक सुरू झाली त्या काळात, मांसाहार करावा की नाही या प्रश्नावर दोघांचं असं जुंपलं होतं की दोघेही तणतणत जिना उतरले ते एकमेकांच्या चपला घालून. तेव्हा पंचफुलाबाईंनी ठरवून टाकलं की बैठकीत पडलेला प्रश्न आठवडाभर तसाच पडून राहू द्यायचा. उत्तर पुढच्या रविवारी, आणि तेही ज्याचं त्याने स्वतःपुरतं द्यायचं. दुसऱ्याच्या उत्तरावर कोणी चकार शब्द काढायचा नाही. आणि विचारणाऱ्याला मध्येच वाटलं तर त्याने आपला प्रश्न उचलून घ्यावा, कोणी कारण विचारणार नाही. सरकारी दवाखान्यात नोकरी काढलेल्या बाईने केलेला नियम तो. मोडायची कोणाची टाप नव्हती.

चहा नेहमीसारखाच झाला. आचलच्या आईने, माधवीने, कप भरले. पण चहाबरोबर एरवी जो कलकलाट असायचा, तो त्या दिवशी कुठे गेला कोण जाणे. चिंतामण वकील तर बिस्किट कपात बुडवून विसरूनच गेले.

*

आता आचलला हा प्रश्न का सुचला, तर त्याचं मूळ होतं खो-खोत.

दिवाळीपर्यंत आचल तायडे म्हणजे वर्गात हजेरीला “प्रेझेंट मॅडम” म्हणतानासुद्धा जिचा आवाज बाकाखाली पडायचा ती मुलगी. मग शाळेच्या संघात एक जागा रिकामी झाली, सरांनी हिला उभं केलं, आणि हिने खांबाशी सूर मारून एका पोरीला असं बाद केलं की मैदानाबाहेरच्या रिक्षावाल्यांनीही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या अजून तिच्या कानात होत्या. आता ती वर्गात हात वर करायची, दुकानदाराशी सुट्ट्या पैशांवरून भांडायची, आणि घरात तर तिचं तोंड बंदच होत नव्हतं.

जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी सरांनी सराव रविवारी सकाळी ठेवला होता. जो रविवारी येणार नाही, तो संघात नाही. साधा हिशोब.

बाबांचा हिशोबही साधाच होता.

“रविवार सकाळ सोडून बोल, बेटा.”

“पण बाबा, सराव रविवारीच आहे ना!”

“आपल्याच घरचं माणूस उठून गेलं, तर मी बाकीच्यांना कोणत्या तोंडानं बसा म्हणू?”

ओरडणं नाही, रागावणं नाही. म्हणून तर तिला भांडताही येईना. ते सारं तिने मैत्रिणींना सांगितलं, आणि पायलच्या डोक्यातून ही कल्पना निघाली. सगळं सोंगच असेल तर जायचं कशाला? विचारूनच टाक.

*

सोमवारी शाळा सुटल्यावर ती चौकातल्या दुकानात जेल पेन घेत होती, तर मागून कोणीतरी घसा खाकरला. चिंतामण वकील. सोवळ्यातल्या घरातले, सत्तरी ओलांडलेले. रविवारी घरी “फिरायला जातो” असं सांगून बैठकीला यायचे.

“आचल, जरा इकडे ये.” त्यांनी तिला झेरॉक्सच्या मशीनमागे नेलं. “तुला कसं कळलं?”

“काय कसं कळलं, काका?”

“हे बघ, मी काही कुणाला फसवायला येत नाही. पण डोळे मिटले की माझ्यासमोर कोर्टच भरतं. हरलेल्या केसेस मी तिथे पुन्हा लढतो. आणि जिंकतो!” ते जवळजवळ आनंदाने म्हणाले आणि लगेच वरमले. “बाकी सगळे इतके तल्लीन असतात. मीच एकटा... तू माझं नाव घेणार नाहीस ना रविवारी?”

आचलने मान हलवली. तिला हसू आवरेना, म्हणून तिने पेनचं टोपण चावलं.

बुधवारी शाळेच्या फाटकाशी बैठकीतले खुशालराव उभे. बार्शीटाकळीकडचं त्यांचं गाव, चार एकर काळी, मोटारसायकलला मागे हिरव्या हरभऱ्याची भली मोठी जुडी बांधलेली. ती त्यांनी सोडली आणि तिच्या हातात कोंबली.

“घरी ने. भाजून खा.”

“काका, शाळेत कसं नेऊ हे?”

“अवं, सुटली ना शाळा.” त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. “मले एक सांग. कोनं सांगतलं तुले माह्याबद्दल?”

“कोणीच नाही, काका.”

“मंग तू मलेच पाहून काहून इचारलं? आता लपवून काय फायदा. मी डोये मिटतो, अन् मले मोटर दिसते. लाईन आली का, मोटर सुरू झाली का, पानी बांधावरून फुटून राहिलं का. तासभर मी वावरातच अस्तो. बाकीचे देवमानसं हायत. तुहा बाप तर...” त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. “त्याच्याकडं पाहूनच मी टिकून हावो. तेवढं कोनाले सांगजो नोको, माय.”

“नाही सांगत,” असं म्हणून हरभऱ्याची जुडी काखेत मारून आचल घरी निघाली. तिच्यामागे दोन शेळ्या लागल्या होत्या, ते तिला कोपऱ्यावर कळलं.

म्हणजे गंमत पाहा. वर्षानुवर्षं ही माणसं एका चादरीवर गुडघ्याला गुडघा लावून बसत होती, आणि सगळ्यांनी डोळे मिटलेले असल्यामुळे एकाने दुसऱ्याला कधी पाहिलंच नव्हतं. प्रत्येकाची खात्री अशी की खोलीत चोर एकच, आणि तो आपण. आचलला वाटलं, धावत जाऊन हे कोणाला तरी सांगावं. पण कोणाला? दोघांनाही तिने कबूल केलं होतं.

शुक्रवारी सकाळी मात्र तिचं हसू गेलं.

ती वेणी घालत होती. स्वयंपाकघरात बाबा ड्यूटीचा शर्ट इस्त्री करत होते आणि आई डबा भरत होती.

“या रविवारी सांगूनच टाकतो,” बाबा म्हणाले.

“काय?”

“खरं काय ते. डोये मिटले की मले स्टँड ऐकू येते, माधवी. मूर्तिजापूर मार्गे अमरावती, फलाट दोन. इतके वर्स झाले, एक दिवस असा नाई. अन् मी तिथं पुढं बसून वाटी वाजवतो.”

“मग काय झालं? माझ्या डोक्यात कुकरच्या शिट्ट्या असतात. मी तर चहासाठी येते म्हणा ना.”

आई हसली. बाबा हसले नाहीत.

“तुहं वेगळं. लोक मले पाहून बसतात. पोरीनं बरोबर नस धरली. सांगून टाकतो अन् बैठक बंद करतो. ज्याले जमत नाई त्यानं दुसऱ्याले बसवू नये.”

इस्त्री शर्टावर तशीच ठेवलेली राहिली होती. आईने पुढे होऊन ती उचलली.

आचलची वेणी अर्धीच राहिली. बैठक बंद. म्हणजे रविवार मोकळा. संघात जागा पक्की. काही करायची गरज नाही, भांडायची नाही, रडायची नाही. रविवारी फक्त गप्प बसायचं. इतकं फुकट काही मिळत असेल, तर माणसाला आनंद व्हायला हवा. तिने आरशात पाहिलं. आनंद झालेला माणूस असा दिसत नाही, एवढं तिला कळलं.

मैदानावर पायलने ऐकलं आणि तिच्या पाठीत धपका घातला.

“मंग झालंच ना वं काम! तू फक्त चूप राय.”

“माहे बाबा पाहिले नाईस तू. इस्त्री हातातच राहून गेली त्यांच्या.”

“तर मंग प्रश्न मागं घे.”

“अन् दर रविवारी जाऊन बसू? अन् बाबा तसेच मनात कुढत बसतीन?”

निधी बुटाची नाडी बांधत होती. ती वर न बघता म्हणाली, “मला एक कळत नाही. ते सगळे डोळे मिटतात, तर तू तेव्हा काय करतेस?”

“मी? मी पाहत असते.”

“कोणाला?”

आचलच्या डोळ्यांपुढे ती पांढरी चादर आली, आणि तिच्यावरचे एकेक चेहरे. तेवढ्यात सरांची शिट्टी झाली, आणि त्या दिवशी तिने पहिल्यांदाच चुकीच्या बाजूला खो दिला.

*

रविवारी सगळे आले. एरवी लग्नसराईत बैठकीला तोंड न दाखवणारेही आले. त्रिसरण-पंचशील झालं, बाबांनी वाटी वाजवली, डोळे मिटले गेले. आचलने मिटले नाहीत. तिने आज नीट, एकेकाला, सावकाश पाहून घेतलं.

शेवटची वाटी वाजली. तिचा नाद विरल्यावर बाबा म्हणाले, “मागच्या रविवारी एक प्रश्न पडला आहे. विचारणाऱ्याला उचलायचा असेल तर अजून वेळ आहे. नाहीतर पहिलं उत्तर मी देतो.”

त्यांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं आणि परत आत ठेवलं. चिंतामण वकील तिच्याकडे बघत होते. खुशालराव तर असे बघत होते, जणू तिच्या हातात त्यांच्या मोटरचं बटण आहे.

आचल उभी राहिली.

“उचलत नाही,” ती म्हणाली. “पण पहिलं उत्तर मी दिलं तर चालतं का?”

बाबा पंचफुलाबाईंकडे वळले.

“इचारनाऱ्यानं उत्तर देऊ नये असं कुठं म्हनलं मी?” बाई म्हणाल्या. “बोल, माय.”

“मी इथे आजवर कधीच डोळे मिटले नाहीत. मिटले की मला झोप येते. म्हणून मी तुम्हाला बघत बसते. तुम्हाला दुसऱ्या कोणी पाहिलेलंच नाही, मी एकटीनेच पाहिलंय.” तिने श्वास घेतला. “तुम्ही लई वाईट दिसता.”

कोणीतरी खोकलं.

“खरंच. वकीलकाकांच्या कपाळावर एवढ्या आठ्या असतात. खुशालकाकांचे ओठ हलत असतात. आईचं नाक फुरफुरतं. बाबा तर अशा मुठी आवळून बसतात, की आता कोणाला मारतातच. सोंग करणारा माणूस असा चेहरा कशाला करेल? सोंगच करायचं असतं तर तुम्ही छान चेहरा केला असता. फोटोसारखा.”

आईने नाकाला हात लावला.

“आणि मग मध्येच,” आचलचा आवाज आपसूक खाली आला, “कधीतरी त्या आठ्या जातात. जास्त वेळ नाही. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला तरी परत येतात. पण जातात. खुशालकाकांचे ओठ थांबतात. बाबांची मूठ उघडते. मग बहुतेक त्यांना ते कळतं, की लगेच आवळतात. सगळ्यांचं एकदम नाही होत, याचं झालं की त्याचं. आज बाबांचं दोनदा झालं. कोणाला माहीत नसतं ते. मला दिसतं. हे माझं उत्तर.”

ती बसली. तिचे कान तापले होते.

खाली शिवणक्लासमधलं एक मशीन टरटर चाललं आणि थांबलं. बाबांनी मांडीवरच्या आपल्या मुठींकडे पाहिलं आणि त्या उघडल्या. आज सांगायचं म्हणून त्यांनी मनात जे काही मोठं भाषण जुळवलं असेल, त्यातलं एकच वाक्य बाहेर आलं.

“मले स्टँड ऐकू येते,” ते म्हणाले. “फलाट दोन.”

“मले मोटर!” खुशालराव एवढ्या जोरात म्हणाले की मेणबत्तीची ज्योत हलली.

“कोर्ट,” चिंतामण वकील म्हणाले. “जिल्हा न्यायालय. आणि मी जिंकत असतो.”

आधी पंचफुलाबाई हसल्या, पदर तोंडाला लावून. दुसऱ्याच्या उत्तरावर चकार शब्द काढायचा नाही असा नियम होता, हसायचं नाही असा नव्हता. मग आई. मग तर वकिलांना ठसकाच लागला आणि त्यांच्या पाठीवर थापा मारता मारता खुशालरावांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाबा हसत नव्हते. ते एकेकाकडे बघत होते, जणू स्टँडवर पहिल्यांदाच माणसं उतरताना बघत असावेत. बैठक बंद करायचं त्यांच्या तोंडून निघालं नाही. चहा झाला, कप विसळले गेले, तरी निघालं नाही.

जिन्यात खुशालरावांनी तिला गाठलं. “पुढच्या रविवारी माह्याकडं जरा जास्त ध्यान ठेवजो. किती वेळ ओठ थांबते ते सांग मले. मी तुह्यासाठी बोरं आनतो.”

“आणि माझ्या आठ्या,” वकील वरून म्हणाले. “डाव्या बाजूच्या विशेषतः.”

“दर रविवारी येतेच ना ते,” पंचफुलाबाईंनी परस्पर सांगून टाकलं. “आता तिच्याशिवाय कसं होईन?”

आचलने चपला घातल्या. उजव्या पायात डावी गेली होती, ती तिने बदलली.

*

घरी ताटं घेतली, वांग्याची भाजी वाढली, तरी बाबांचा चेहरा तसाच उजळ होता. भाकरी मोडता मोडता ते मध्येच थांबायचे आणि “कोर्ट म्हणे!” असं म्हणून मान हलवायचे. इतकं चांगलं जेवताना त्यांना आचलने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. अशा माणसाला काही नाही म्हणणं म्हणजे... तिने पाण्याचा पेला उचलला, ठेवला, परत उचलला.

“पुढच्या वेळी तू माझ्या बाजूला बसशील,” बाबा म्हणाले. “तोंड सगळ्यांकडं. तिथून चांगलं दिसंन तुले.”

“तिला जरा जेवू द्या,” आई म्हणाली, पण ती पण हसतच होती.

आचलने पेला खाली ठेवला. खांबाशी सूर मारताना वापरायची एक युक्ती सरांनी शिकवली होती: थांबलीस की गेलीस.

“बाबा, आई, ऐका. मी ठरवलंय. पुढच्या रविवारपासून मी बैठकीला येणार नाही, मैदानावर जाणार. सरांना आजच सांगते.”

बाबांचा घास हातातच राहिला. ती थांबली नाही.

“तुम्ही पाळी लावा. दर रविवारी एकाने डोळे उघडे ठेवून बसायचं, बस. काही कठीण नाही, मला जमलं तर कोणालाही जमेल. आणि पहिली पाळी आईची. इतके वर्स तुमच्या बाजूला बसून राहिली ती, बाबा, अन् तुमी तिथं कसे दिसता ते तिनं एकदाबी पाह्यलं नाई.”